तिसरं पान

मॉरिशसमध्ये गुलमोहर नोव्हेंबर-डिसेंबरात फुलतो. आपल्याकडे कपाटातून स्वेटर बाहेर निघतात त्या दिवसांत तिथल्या रस्त्यांच्या कडा लाल होऊन जातात, आणि तिथली माणसं झाडांकडे बघून म्हणतात, वर्ष संपत आलं, आता सणाच्या तयारीला लागायला हवं. आपण मात्र गुलमोहर वैशाखाला बांधून टाकलेला. परीक्षा संपल्या, आंबे आले, गुलमोहर फुलला, असा आपला क्रम. विषुववृत्ताच्या खाली वीस अंशांवर गेलं की ऋतू उलटतात हे भूगोलाच्या पुस्तकात वाचलेलं असतं, पण ते अंगाला कळायला वेळ लागतो. पहिल्या वर्षी तर अंग ऐकतच नाही. दिवाळी आली म्हणून ते पहाटेच्या गारव्याची वाट बघतं, आणि बाहेर साडेपाचलाच लख्ख उजाडलेलं असतं.

आम्ही दोघं ऑक्टोबरात तिथं राहायला गेलो. नोकरी माझी होती. नवरा माझ्यासोबत आला होता आणि त्याचं काम अजून ठरायचं होतं. गणपती होऊन गेले होते. पुढं दिवाळी, मग नाताळ, मग नवं वर्ष. लग्न झाल्यापासून एकही सण आम्ही असा काढला नव्हता, की ज्यात सासरचं किंवा माहेरचं कुणीच जवळ नाही. निघताना जो भेटला त्यानं एकच वाक्य म्हटलं होतं: लोक जिथं हनिमूनला जातात तिथं तुम्ही राहायला चाललात! मॉरिशसची ही ओळख महाराष्ट्रात पक्की बसली आहे. निळं पाणी, पांढरी वाळू, दोन आरामखुर्च्या. त्या चित्रात कायम दोनच माणसं दिसतात. तिसरं कुणी त्यात नसतं, आणि नसावंच असा त्या चित्राचा आग्रह असतो.

या आग्रहाबद्दल मला आज सकाळी बोलावंसं वाटतं. दोन माणसांना सहल पुरते. दोन माणसांचं घरही होतं, चांगलं होतं. सण मात्र दोघांच्यानं होत नाही. हे मला त्या बेटावरच्या पहिल्या सणासुदीत कळलं, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या सणांकडे बघायची माझी नजरच बदलली.

नरक चतुर्दशीला तिथं सुट्टी नसते. सार्वजनिक सुट्टी असते ती दिवाळीच्या मुख्य दिवसाची. मला कामावर जायचं होतं, म्हणून आम्ही अंधारातच उठलो. पुण्याहून आणलेलं उटणं होतं, सुवासिक तेल होतं, पणत्या होत्या. एकमेकांना तेल लावलं, आंघोळी झाल्या, देवापुढं दिवा लावला, फराळाचा डबा उघडला. घरी फोन लावला. भारत मॉरिशसच्या दीड तास पुढं असतो, त्यामुळं पुण्यात चहाची दुसरी फेरी चालू होती. मागं कुणीतरी कुणावर तरी ओरडत होतं. चकल्या मऊ का पडल्या यावर दोन काकूंची दोन मतं होती. फोन ठेवला आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं. करायचं ते सगळं झालं होतं. वस्तू म्हणाल तर एकही कमी नव्हती. आणि सण झालाय असं दोघांनाही वाटत नव्हतं.

भरल्या घरातल्या सणाला कामं वाटलेली असतात. राबणारे असतात तसे आयत्या वेळी येणारेही असतात. एखादा रुसतो, एखादी त्याची समजूत काढते. कुणाला तरी उशीर होतो आणि कुणीतरी त्याचं पान झाकून ठेवतं. अनारशाला जाळी पडली की नाही हे बघायला स्वयंपाकघराच्या दारात कुणीतरी डोकावतंच. दोघांच्या घरात हे सगळं दोघांवरच येतं. करणारे तेच, खाणारे तेच, वाखाणणारे तेच. मग न बोलता अपेक्षा वाढत जातात. नवऱ्यानं माझ्या आईची आणि बहिणीची उणीव भरून काढावी, मी त्याच्या मित्रांची आणि आजीची. इतकं ओझं एका माणसावर कसं टाकायचं? नव्या जोडप्यांमध्ये सणाच्याच दिवशी वाद होतात, डोळ्यांत पाणी येतं, त्याचं कारण प्रेमात कुठं कमी पडलं असं नसतं. प्रेमाला त्या दिवशी पाचदहा माणसांचं काम दिलेलं असतं.

आपल्या सणांची घडणच बघा. भाऊबीजेला भाऊ हवा. हळदीकुंकवाला शेजारणी हव्यात. संक्रांतीचा तिळगूळ स्वतःच्या घरात ठेवून चालत नाही, तो हातावर घेऊन बाहेर पडावंच लागतं. मंगळागौरीला मैत्रिणी, गौरी जेवायला सवाष्ण, गणपतीच्या आरतीला निदान टाळ वाजवणारा एक पोर. वाण द्यायचं म्हणजे घेणारं कुणीतरी लागतं. निव्वळ नवराबायकोचा म्हणावा असा एक पाडवा, तोही संध्याकाळच्या ओवाळणीपुरता. ज्यांनी हे सण रचले त्यांना बहुधा ठाऊक होतं की उंबऱ्याच्या आतली माणसं एकमेकांना पुरी पडत नाहीत.

दिवाळीच्या दिवशी दुपारी खालच्या मजल्यावरच्या आजी जिना चढून वर आल्या. आम्ही क्वात्र बोर्नला राहत होतो. बेटाच्या मधल्या पठारावरचं हे मोठं गाव. पाठीमागं कोर द गार्द नावाचा डोंगर आणि त्याच्या उतारावर मुरुगनचं देऊळ. आजी आमच्या घरमालकीण. त्यांचे पूर्वज बिहारकडचे. त्या बोलायच्या क्रेओल, मधूनच भोजपुरीत शिरायच्या, आणि माझ्या नवऱ्याला पहिल्या दिवसापासून बेटा म्हणायच्या. तो दिवसभर घरी असायचा, त्यामुळं त्या दोघांची ओळख माझ्याआधी जमली होती. हातात झाकलेलं ताट होतं. त्यात गातो पातात होते. रताळी उकडून, मैद्यात मळून त्याची पारी लाटतात, आत ओलं खोबरं आणि साखर भरतात, करंजीसारखा आकार देऊन तळतात. मॉरिशसची दिवाळी यांच्याशिवाय होत नाही. वरून कुरकुरीत, आत मऊ, आणि वेलचीचा वास. आजींना बसा म्हटलं तर बसायला वेळ नव्हता. अजून चार घरी ताटं पोचवायची होती. त्या चार घरांतली दोन हिंदू नव्हती, आणि याचं आजींना किंवा त्या घरांना काही विशेष वाटत नव्हतं. ईदेला त्यांच्याकडून बिर्याणी येते, असं त्यांनी जाता जाता सांगितलं.

नवऱ्यानं ताट रिकामं केलं, धुतलं, पुसलं आणि त्यात आमचा चिवडा आणि शंकरपाळे भरले. शेजाऱ्याचं ताट रिकामं परत करायचं नाही हे आम्हाला घरून ठाऊक होतं. आजींनाही ते त्यांच्या घरून ठाऊक होतं. त्या ताटानं जिन्यावरून एकदा खाली आणि एकदा वर अशी खेप केली आणि आमच्या घरात दिवाळी आली. मी हे अलंकारिक म्हणत नाही. खरोखरच त्या क्षणानंतर घरातला आवाज बदलला. मी रांगोळी मोठी काढली. संध्याकाळी आजींचा मुलगा म्हणाला, गाडीत जागा आहे, दिवे बघायला चला. आम्ही उत्तरेला त्रिओलेपर्यंत गेलो. दिवाळीच्या रात्री त्या लांबलचक गावातून गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात. घराघरांवर विजेच्या माळा, कुंपणाच्या भिंतीवर ओळीनं पणत्या, आणि ते बघायला साऱ्या बेटावरून आलेली सगळ्या धर्मांची माणसं. बेट आहेच केवढं! सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यात साधारण साडेबारा लाख माणसं, आणि त्या रात्री त्यांतली बरीचशी रस्त्यावर होती.

दिवाळीच्या आगेमागेच, 2 नोव्हेंबरला, तिथं आणखी एक सार्वजनिक सुट्टी असते. 1834 साली त्या दिवशी ॲटलस नावाचं जहाज करारावरचे भारतीय मजूर घेऊन पोर्ट लुईच्या बंदरात आलं, त्याचा तो स्मरणदिन. मॉरिशसमधली गुलामगिरी 1835 मध्ये संपली आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. पुढच्या काळात साडेचार लाखांहून अधिक माणसं भारतातून त्या बेटावर उतरली. बहुतेक कलकत्त्याहून आणि मद्रासहून निघालेली. काही जहाजं मुंबईहूनही सुटली, आणि त्यांत रत्नागिरीकडची, कोकणातली आपली माणसं होती. बंदराजवळ आप्रवासी घाट आहे. 2006 पासून तो जागतिक वारसा म्हणून नोंदला गेला आहे. त्या दगडी पायऱ्या चढून माणसं आत यायची, त्यांना क्रमांक मिळायचा, मग मळ्यांवर पाठवणी व्हायची.

सुट्टीच्या एका दिवशी आम्ही त्या पायऱ्यांपाशी गेलो. मला राहून राहून एकच प्रश्न पडत होता. यांचा पहिला सण कसा झाला असेल? आमच्यासाठी विमान होतं, फोन होता, उटण्याची पुडी होती. यांच्यातल्या कितीतरी पुरुषांबरोबर बाईमाणूस नव्हतं. सुरुवातीच्या वर्षांत बायका फारच थोड्या आल्या होत्या. मळेवाल्याच्या लायनीतली झोपडी, पहाटेपासून ऊसतोड, आणि देशातलं कुणी पुन्हा भेटेल याची खात्री नाही. त्यांनी काय केलं ते मात्र बेटावर आजही दिसतं. एका जहाजातून आलेली माणसं एकमेकांची जहाजी भाई झाली आणि ते नातं रक्ताच्या नात्यासारखं पाळलं गेलं. मळ्यामळ्यांवर त्यांनी बैठका उभ्या केल्या. गवतानं शाकारलेली एखादी खोली. संध्याकाळी तिथं जमायचं, रामायण वाचायचं, पोरांना अक्षरं शिकवायची, तंटे मिटवायचे. ज्यांच्या स्वतःच्या डोक्यावर धड छप्पर नव्हतं त्यांनी एकत्र बसायला छप्पर घातलं. मला हे मोठं शहाणपण वाटतं. अडचणीत माणूस आधी आपलं दार लावून घेतो. या माणसांनी तसं केलं नाही.

म्हणूनच आज गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते, मराठी मंडळी नदीवर आणि समुद्रावर मूर्ती घेऊन जातात, आणि कोकणातली जाखडी तिथल्या अंगणांत नाचली जाते. नव्या पिढीतली बहुतेक मराठी घरं आपसांत क्रेओल बोलतात. मराठी शाळेत शिकवली जाते, पूजेत आणि गाण्यात जपली जाते. वाक्वा या गावातल्या अशा एका घरी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. घरातल्या आजोबांचं आडनाव त्या काळच्या कारकुनानं ऐकलं तसं लिहून टाकलेलं. मूळ काय असेल ते सांगता येणार नाही इतकं ते पालटलं होतं. मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत जुन्या मजुरांच्या नोंदी जपून ठेवल्या आहेत, तिथं त्यांनी शोध घेतला होता. त्यांनी आम्हाला विचारलं, रत्नागिरीत पाऊस कसा पडतो? मी त्यांना आषाढातला पाऊस, कौलांवरचा त्याचा आवाज, चिऱ्याच्या भिंतींवर उगवणारं शेवाळ, असं जमेल तसं सांगत राहिले. ते डोळे मिटून ऐकत होते. पाच पिढ्यांमागं सुटलेलं गाव त्यांच्यापर्यंत पोचवायला त्या दिवशी तिथं कुणीतरी लागत होतं, आणि आम्ही होतो.

डिसेंबर लागला आणि बेटाचा नूर पालटला. शाळा सुटल्या. कामगारांना वर्षअखेरीचा बोनस मिळतो, कायद्यानंच मिळतो, साधारण महिन्याच्या पगाराएवढा. मग घरांना रंग लागतात, पडदे बदलतात, बाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही. लिचीच्या झाडांवर वाघळांपासून राखण म्हणून जाळ्या टाकलेल्या असतात, आणि लाल लिच्यांचे घोस रस्त्याच्या कडेला विकायला येतात. नवरा आता मंडईत मुरला होता. शेवग्याच्या पाल्याला ब्रेद मुरुम म्हणून हाक मारायची, अळूला ब्रेद सोंज, कोथिंबीर हवी तर कोतोमिली, हे त्याला पाठ झालं होतं. सकाळी चालून परत येताना तो दोल पुरी आणायचा. डाळीचं पुरण भरलेली पातळ मऊ पोळी, गुळाशिवायची. आत वालांसारख्या मोठ्या दाण्यांची उसळ आणि चटणी घालून, जोडीनं गुंडाळून देतात. एक मागितली तरी दोन येतात. मला त्या पोळीत बिहारच्या आणि आपल्या चुलीचा वास एकदमच यायचा.

समोरच्या घरात एक वयस्क क्रेओल जोडपं राहत असे. दोघंही निवृत्त, कॅथलिक, अतिशय टापटिपीचं. बेटावरच्या कितीतरी घरांसारखी त्यांचीही मुलं परदेशी गेलेली. मुलगा लंडनला, मुलगी ऑस्ट्रेलियात. आम्ही त्यांना तोंतों आणि तांतिन म्हणायचो, म्हणजे काका आणि मावशी. तिथं शेजारच्या वडीलधाऱ्यांना असंच म्हणतात. नाताळच्या आदल्या संध्याकाळी मावशी फाटकापाशी आल्या आणि म्हणाल्या, उद्या दुपारी आमच्याकडे जेवा. आग्रह फारसा नव्हता. पण त्या विचारून लगेच परत फिरल्या नाहीत, उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी ऊन रणरणत होतं. व्हरांड्यात टेबल मांडलं होतं, कोपऱ्यात प्लॅस्टिकचं नाताळाचं झाड, पंख्याच्या वाऱ्यानं त्यावरची चांदणी हलत होती. भात, कोंबडीची कढी, मसुराची डाळ, भाज्यांचं लोणचं, आणि शेवटी केक. बशा सहा मांडल्या होत्या. आम्ही चौघंच होतो. मी मावशींकडे पाहिलं, तर त्यांनी दोन बशा हळूच उचलून आत नेल्या आणि म्हणाल्या, हाताला सवय आहे. मग लंडनहून फोन आला. माझ्या लक्षात आलं की पुण्याच्या घरी आमचा फोन जातो तेव्हा तिथंही असंच होत असणार. आपण इकडे एकटे पडलो म्हणून हळहळतो. तिकडेही दोन पानं कमी वाढलेली असतात. मुलं दूर गेली की आईवडिलांचं घर पुन्हा दोघांचं होतं, आणि त्या दोघांनाही सण पेलत नाही. त्या जेवणात आम्ही पाहुणे होतो, आणि त्या घराची गरजही होतो. दोन्ही एकाच वेळी असण्यात मला फार मोठं सुख वाटलं. तोंतोंनी नवऱ्याला मुलाच्या लहानपणच्या खोड्या सांगितल्या. त्या ऐकायला तिथं त्यांना कुणी नवं माणूस मिळालंच नव्हतं. मावशींना तर सगळ्या पाठच होत्या.

एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्री सारं बेट फटाके वाजवतं. लाल कागदाच्या लांबच लांब माळा फाटकांना टांगतात आणि बारा वाजता पेटवतात. जुन्या वर्षातलं वाईट पळून जावं म्हणून. ही चाल चिनी वस्तीकडून आली आणि सगळ्यांचीच झाली. सकाळी रस्त्यावर लाल कागदाचा सडा असतो आणि जो भेटेल तो बोनाने म्हणतो, नव्या वर्षाच्या शुभेच्छा. 1 जानेवारीला सुट्टी आणि 2 जानेवारीलाही. पहिल्या दिवशी वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला, भेटायला जायचं. दुसऱ्या दिवशी पुष्कळ कुटुंबं भाड्यानं बस करतात आणि समुद्रावर जातात.

आजींच्या बसमध्ये आम्हाला जागा ठेवली होती. बस फ्लिक आँ फ्लाकला गेली. पश्चिम किनाऱ्यावरची ती प्रसिद्ध पुळण. तिचा काही भाग हॉटेलांसमोर आहे आणि काही भाग सार्वजनिक, सुरूच्या बनाचा. सुरूखाली दोऱ्या बांधून चादरींची सावली केली. बिर्याणीची देग उतरवली. चुली पेटल्या, पोरं पाण्यात, आजी प्लॅस्टिकच्या खुर्चीत, आणि दुपार कलल्यावर शेजारच्या कुटुंबातल्या कुणीतरी रावान शेकायला घेतलं. रावान म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचं मोठं डफासारखं वाद्य; विस्तवावर धरून कातडं ताणून घेतात. मग सेगा सुरू झाला. गुलामांनी रात्रीच्या वेळी मळ्यांवर गायलेलं, नाचलेलं हे गाणं. 2014 मध्ये युनेस्कोनं ते मानवतेच्या वारशात नोंदवलं. ज्यांच्याकडून घर, नाव, भाषा सगळं हिरावून घेतलं होतं त्यांनी ते घडवलं, आणि घोळक्यात घडवलं. पाय जमिनीवरून फारसे उचलायचे नाहीत, घसटत सरकायचं. कमरेपासून वर मात्र सगळं अंग बोलतं. आजींच्या सुना नाचल्या, मग त्यांनी मला ओढलं.

नाचून दमले आणि किनाऱ्यावर जरा पुढं चालत गेले. तिथून हॉटेलांची पुळण सुरू होत होती. तिथं ते चित्र होतं, जसंच्या तसं. निळं पाणी, पांढरी वाळू, दोन दोन आरामखुर्च्या. त्यात एक जोडपं आपलं होतं. मुलीच्या हातात अजून चुडा होता. मला त्यांच्याबद्दल ममता वाटली. त्यांनी चार दिवस खरंच एकमेकांपुरतं राहावं. लग्नाच्या धावपळीनंतर ते हवंच असतं. मग घरी जाऊन माणसांत मिसळावं. बेट तेच, समुद्र तोच, आणि शे-दोनशे पावलांवर सुरूच्या बनात एका देगेभोवती पन्नास माणसं.

जानेवारीत चक्रीवादळाचा इशारा आला. तिथं तो एकपासून चारपर्यंत चढत जातो. तीनवर गेला की दुकानं, बस, कचेऱ्या सगळं बंद, माणसांनी घरातच राहायचं. आजींनी आदल्या दिवशीच पिंपं भरून घ्यायला, मेणबत्त्या, पाव आणि डबाबंद मासे आणून ठेवायला बजावलं, आणि संध्याकाळी खाली झोपायला बोलावलं. रात्रभर वारा दारं ढकलत होता. वीज गेल्यावर आजींनी 1960 सालच्या कॅरोल वादळाची हकीकत सांगितली. तेव्हा गवताची आणि लाकडाची घरं उडून गेली होती, आणि त्यानंतर बेटानं सिमेंटची घरं बांधायला घेतली. आजी तेव्हा लहान मुलगी. शेजारच्या पक्क्या घरात एका खोलीत किती कुटुंबं दाटीवाटीनं बसली होती ते त्या सांगत होत्या. पहाटे वारा उतरला. साळुंक्या ओरडायला लागल्या आणि आजींनी चहा टाकला.

तिथल्या सणांचा मोसम तेवढ्यावर थांबत नाही. पुढं कावडी येते. पिवळ्या-गुलाबी वस्त्रांतले तमिळ भाविक फुलांनी सजवलेल्या कावडी खांद्यावर घेऊन आमच्याच डोंगराच्या उतारावरच्या देवळाकडे चालत जातात. मग चिनी नवं वर्ष, मग महाशिवरात्र. त्या प्रत्येकाला आम्हाला कुणी ना कुणी हाक मारली, आणि आम्ही गेलो. एवढंच आम्ही केलं. पण नवख्या माणसाला तेही सोपं नसतं. द्यायला आपल्याला शिकवलेलं असतं. दुसऱ्याच्या दारात रिकाम्या हातानं उभं राहायला, आपल्याला माणसं हवी आहेत हे कबूल करायला संकोच वाटतो. विशेषतः शिकलेल्या, कमावत्या, स्वतःचं सगळं स्वतः करणाऱ्या जोडप्यांना. त्यांना वाटतं, आपलं आपल्यापुरतं छान चाललंय, कुणाला कशाला त्रास द्यायचा. मी म्हणेन, द्यावा. सणाच्या दिवशी शेजाऱ्याला थोडा त्रास देणं हा त्याचा मान असतो.

आज हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना मॉरिशसला जायचं नाही. पण पुण्यात, ठाण्यात, नाशकात, नागपुरात तुमच्या जिन्यावर, तुमच्या मजल्यावर यंदा कुणीतरी नवीन जोडपं राहायला आलं असेल. आसामचं असेल, केरळचं असेल, नाहीतर चंद्रपूरचं. त्यांचं दार बंद असेल, आतून टीव्हीचा आवाज येत असेल, आणि ती दोघं मजेत आहेत असं तुम्हाला वाटेल. तरीही या सणाला ताट घेऊन त्यांची बेल वाजवा. बसा म्हणाले तर घटकाभर बसा. आणि संध्याकाळी ते ताट त्यांच्याकडचं काहीतरी घेऊन परत येईल, तेव्हा ते काय आहे हे विचारण्याआधी एक घास खा.